बादलीतला वाफसा

माझ्या वडिलांनी, आबांनी, टोमॅटोच्या बादलीत बोट खुपसलं, दुसऱ्या पेरापर्यंत. बाहेर काढून अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि म्हणाले, "वाफसा कुटाय ह्यात?"

गच्चीवरच्या माझ्या बागेला तेव्हा आठ महिने झाले होते. कोकोपीट किती, गांडूळखत किती, निंबोळी पेंड किती, हे मी झोपेतही सांगितलं असतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतच होते. पण वाफसा हा शब्द माझ्या तोंडून पंचवीस वर्षांत निघाला नसेल. लहानपणी मात्र तो पावसाइतकाच ओळखीचा होता. पाऊस उघडला की आम्हा पोरांना रानात पळायचं असायचं आणि मोठी माणसं म्हणायची, थांबा, वाफसा येऊ द्या. म्हणजे पायाला चिखल चिकटणार नाही इतकं रान सुकलेलं, आणि बी रुजेल इतकं ओलं. मूठभर माती दाबली तर लाडू वळला पाहिजे आणि तो लाडू कमरेइतक्या उंचीवरून टाकला तर फुटला पाहिजे. फुटला नाही तर अजून घात, म्हणजे पेरणीजोगी वेळ, आलेली नाही. वळलाच नाही तर घात गेली.

माझ्या बादलीतल्या मातीचा लाडू आबांनी वळला आणि टाकला. तो पच्च् करून फरशीवर बसला.

"मुळास्नी वारं लागतंय का न्हाई? नुसतं पानी पाजतीस. बुडून मरायचं त्यांनी?"

मग त्यांनी मला ती बादली पालथी करायला लावली. बिचाऱ्या टोमॅटोचा अंत तसाही जवळ आला होता. वरची माती भुसभुशीत, छान. खालची चार बोटं मात्र काळी, गिच्च, आंबूस वासाची. मुळं तिथपर्यंत येऊन तपकिरी होऊन थांबलेली. आणि त्याच्या खाली मी हौसेनं भरलेला खडीचा थर. निचरा चांगला व्हावा म्हणून सगळेच घालतात, मीही घातला होता.

आबा खडीकडे बघत राहिले. "बाहत्तरच्या दुष्काळात ही फोडून फोडून हाताला घट्टे पडले माझ्या. आन् तू बादलीत भरतीस?"

खडीचं गणित मला नंतर भांडी घासताना उलगडलं. ओला स्पंज आडवा धरला की थोडं ठिबकून थांबतो. तोच स्पंज उभा केला की पुन्हा ठिबकायला लागतो. पाणी तेच, स्पंज तोच, फक्त उंची बदलली. बादलीचंही तसंच आहे. तळाला कितीही भोकं पाडा, सर्वांत खालची काही बोटं माती पाणी धरूनच ठेवते. बारीक पोकळ्यांतलं पाणी खालच्या मोठ्या फटींत सहजासहजी उतरत नाही, वरची माती तुडुंब भरल्याशिवाय तर नाहीच. म्हणजे खडी घातल्यानं निचरा होत नाही, ती ओली पट्टीच वर सरकते, मुळांच्या आणखी जवळ. अकरा बादल्यांत मी अकरा छोटी तळी बांधली होती आणि रोज सकाळी त्यात भर घालत होते. सकाळचं पाणी घालणं मला फार आवडायचं. झाडांना आवडतं का, हे विचारायचं राहून गेलं होतं.

अकरा बादल्या कशा आल्या तेही सांगते. 2023 च्या उन्हाळ्यात आम्ही पुण्यात धायरीतलं घर रंगवून घेतलं आणि वीस लिटरच्या अकरा रिकाम्या बादल्या जिन्याखाली उरल्या. जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेले. म्हटलं, घरीच लावू. त्याच वर्षी मे महिन्यात शेतकरी भाव नाही म्हणून टोमॅटो रस्त्याकडेला ओतत होते. ती बातमी मी चहा पिता पिता पाहिली होती, हळहळलेही होते आणि विसरलेही होते. माझे पहिले चार टोमॅटो पिकेपर्यंत बाजारात ते पुन्हा मातीमोल झाले होते. त्या चार टोमॅटोंची कोशिंबीर आम्ही प्रसादासारखी वाटून खाल्ली. एकेकाच्या वाट्याला दोन चमचे आली.

बादल्यांच्या आधी घरात स्लॅबवरून वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, छत खाली येईल. त्यात तथ्य होतं. ये-जा असलेल्या गच्चीवर माणसं, सामान वगैरे धरून दर चौरस मीटरला साधारण 150 किलो भार भारतीय मानकात गृहीत धरतात. शेतातली ओली माती वीस लिटरच्या बादलीत भरली तर ती पस्तीस किलोच्या घरात जाते. अशा चार-पाच बादल्या शेजारी शेजारी ठेवल्या की एका चौरस मीटरचा कोटा संपला. म्हणून गच्चीवर शेतातली माती चालत नाही. हलकी माती घडवावी लागते, पालापाचोळ्याची, उसाच्या चिपाडाची.

ही वाट काही मी शोधलेली नाही. मुंबईत डॉ. दोशींनी गच्चीवर चिपाडाच्या आधारानं भाज्या-फळं पिकवून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवून बाग उभी केली. आणि या सगळ्यांच्या मागे श्री. अ. दाभोलकर आहेतच. गणिताचा माणूस. त्यांच्या प्रयोग परिवार या गटातल्या तासगावकडच्या शेतकऱ्यांनी द्राक्षाचं भरघोस पीक काढून दाखवलं, ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्यांचा दहा गुंठ्यांचा हिशेब फार आवडतो. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकतं, ऊन कुणाच्या बापाचं नाही, ते पानानं किती पकडलं एवढाच प्रश्न. माझी गच्ची चारशे चौरस फूट. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. म्हणजे माझ्याकडे अर्धाही गुंठा नाही, पण ऊन मात्र भरपूर आहे, मार्चपासून तर नको इतकं.

चिपाडासाठी मी रसवंतीवर जायला लागले. रसवाला आधी फुकट द्यायचा. तिसऱ्या खेपेला त्याला माझ्याकडे काहीतरी धंदा असावा असा संशय आला आणि तो पोत्यामागे वीस रुपये मागू लागला. पालापाचोळा सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशी पोत्यात भरून ठेवत. त्यांच्याशी माझी दोस्ती झाली. रस्त्याकडेला पाचोळ्याचं पोतं दिसलं की माझी स्कूटर आपोआप थांबते. लेकीनं माझ्याबरोबर बाहेर यायचं सोडलंय. ही एक प्रकारची नजर बसते डोळ्यांत. लग्नाच्या हॉलमागे पडलेल्या केळीच्या खुंटांवर माझा जीव अडकतो, जेवणावर नाही.

पण पहिल्या खेपेला मी चिपाड ताजंच भरलं. दोन आठवड्यांत मिरची, वांगी, सगळी रोपं पिवळी. आधी वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी घातलं. खरं कारण असं की चिपाड कुजवणाऱ्या जिवाणूंनाही नत्र लागतं. न कुजलेलं चिपाड असलं की ते आधी मातीतलं नत्र स्वतः खातात, झाडाला उरत नाही. कुजवून घ्यायला हवं होतं, शेणाच्या काल्यात, आंबट ताकात, दोन-अडीच महिने, अधूनमधून खालीवर करत. ढीग नीट लागला की मधे हात घालवत नाही इतका तापतो आणि पहाटे उघडला तर वाफ निघते. पहिल्यांदा ती वाफ पाहिली तेव्हा मी नवऱ्याला झोपेतून उठवून वर नेलं होतं. त्यानं पाहिलं, बरं म्हणाला आणि खाली जाऊन झोपला.

आबा फेब्रुवारीत आले ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. आमचं गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात, दहिवडीकडे. सगळा पाऊस सह्याद्री आधीच झेलतो, आमच्याकडे उरलंसुरलं येतं. त्या वर्षी तेही आलं नव्हतं, टँकर चालू होते. अशा ठिकाणाहून आलेला माणूस गच्चीवर येतो आणि लेक नळी धरून वांग्यांना आंघोळ घालताना बघतो. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मी सांडायची थांबले, एवढं मात्र झालं.

शेणाचा प्रसंग त्याच आठवड्यातला. वडगावच्या एका गोठ्यातून मी दोन पोती शेण आणलं होतं, दोनशे रुपयांना. आबा पोत्याभोवती फिरले. "शेन? इकत?" मग खूप वेळ हसले. हसता हसता त्यांना खोकला लागला. मी त्यांना अमृतजल दाखवलं. किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ, दहा लिटर पाणी, तीन दिवस ढवळत ठेवायचं आणि दहापट पाणी घालून झाडांना द्यायचं. ते म्हणाले, चांगलंय. मग म्हणाले, "एक एकराला किती करशील?"

ऑपरेशननंतर महिनाभर धूळ-मातीत जायचं नाही, वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आबा काळा गॉगल लावून जिन्याच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि तिथून हुकूम सोडायचे. एखाद्या जुन्या सिनेमातल्या खलनायकासारखे दिसायचे. पट्टी निघून चार-पाच दिवस झाले असतील. गॉगल कपाळावर सरकवून त्यांनी समोर पाहिलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "वि-ष-मु-क्त बा-ग."

ती पाटी मीच रंगवली होती. पिवळ्यावर हिरवी अक्षरं, कोपऱ्यात एक लाल मिरची. फोटोत छान यायची.

"म्हंजी आमी काय इख घातलं व्हय तुमास्नी?"

मी हसून टाळायला पाहिलं. तसं नाही आबा, बाजारातल्या भाजीबद्दल आहे ते. पण बाजारातली भाजी कुणाच्या रानातून येते, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग ते बाहत्तरवर आले. ते सगळं मी आधी ऐकलेलं होतं, सुकडी, लाल मिलोची, म्हणजे बाहेरून आणलेल्या ज्वारीची, भाकरी, रोजगार हमीची खडी. या वेळी मी त्याच्या पुढचं ऐकलं. दुष्काळ सरल्यावर संकरित ज्वारी आली, विहिरीवर मोटर बसली, आणि एक दिवस आजोबांनी युरियाचं पहिलं पोतं आणलं. ते मिठासारखे पांढरे दाणे हातानं फेकले आणि आठ दिवसांत पीक काळंभोर हिरवं झालं. "त्या साली पैल्यांदा कणगी भरली. तुझी थोरली आत्या त्याच साली शाळंत गेली."

मी नत्राचा हिशेब मोबाइलवर मांडला. युरियाच्या तेव्हाच्या पन्नास किलोच्या पोत्यात सेहेचाळीस टक्के, म्हणजे 23 किलो. शेणखतात धरून चाला अर्धा टक्का. एका पोत्याइतकं नत्र शेणातून द्यायचं तर साडेचार टनांहून जास्त शेणखत. आबा म्हणाले, बैलगाडीच्या आठ-नऊ खेपा. मोबाइल न बघताच म्हणाले. "दावणीला दोन बैलं आन् एक म्हस. तीबी निम्मं शेन चुलीत जायचं. कुटनं आणायचं गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. गच्चीवर सेंद्रिय करणं मला परवडतं याचं एक कारण सरळ आहे. माझी वांगी किडली तर मी भाजीवाल्याकडे जाते. त्या वांग्यांवर माझ्या लेकीची फी अवलंबून नाही. गच्चीवर चार मिरच्या पिकवून शेतकऱ्यांना नैसर्गिक शेती शिकवणारे लोक मला अलीकडे सहन होत नाहीत. त्यातली एक आठ महिने मीच होते, म्हणून जास्तच.

पण मग आबाच थोड्या वेळानं, मी काही न विचारता, डाळिंबाबद्दल बोलले. मधली सात-आठ वर्षं आमच्याकडे डाळिंब होतं, तेल्या रोग येऊन बाग काढून टाकेपर्यंत. त्यावर काय काय फवारलं ते सांगत होते. एंडोसल्फान हे कीटकनाशक तर बंदी येण्याआधी सगळेच मारत, 2011 मध्ये कोर्टानं बंद केलं. तोंडाला उपरणं गुंडाळायचं आणि पंप पाठीला लावायचा. "दोन दिस हाताला वास यायचा. भाकरी डाव्या हातानं खायचो." त्यांनी उजवा हात नाकाशी नेला आणि परत गुडघ्यावर ठेवला. युरिया आणि ते, दोन्ही एका पाटीखाली बसत नाहीत हे मला तेव्हा कळलं. पाटी मी संध्याकाळी काढली. कंपोस्टच्या ड्रमला झाकण नव्हतं, त्यावर ती नेमकी बसली.

मार्चमध्ये एक गंमत झाली. वांग्याच्या सहा बादल्या होत्या, त्यातली एकच अचानक उफाळली. पानं तळहाताएवढी, काळपट हिरवी, चकचकीत. मी आबांना कौतुकानं दाखवली, बघा, अमृतजल लागू पडलं. ते हूं म्हणाले आणि गॉगल खाली घेतला. तीन दिवसांनी त्यांच्या पिशवीत कपडे ठेवताना हाताला एक पुडी लागली. दुधाच्या पिशवीत बांधलेले पांढरे दाणे.

"चिमूटभर. नुसतं बगितलं," आबा म्हणाले. चोरी सापडलेल्या पोरासारखा चेहरा.

आठवड्याभरात त्या वांग्यावर मावा आला. कोवळ्या शेंड्यांवर नुसता थर. मला मनातून आनंद झाला हे कबूल करते. जास्त नत्रानं पान लुसलुशीत होतं आणि रस शोषणारी कीड त्यावर तुटून पडते, हे मी वाचलेलं होतं आणि आता आबांना पुराव्यानिशी सांगितलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात मावा उरलेल्या पाचही बादल्यांवर आला. आबा गॉगलमधून माझ्याकडे बघत होते.

निंबोळी अर्क केला, लिटरला पन्नास ग्रॅम, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळून. दोनदा फवारला. थोडा मावा गेला, थोडा राहिला. मग लेडीबर्ड आले, आबा त्यांना ढालकिडे म्हणतात, आणि त्यांच्या काटेरी, काळ्या-नारिंगी अळ्यांनी उरलेलं काम केलं. त्या अळ्या मी आधी वेगळी कीड समजून चिरडत होते. सहापैकी सर्वांत जास्त वांगी कोणत्या बादलीनं दिली ते मी लिहून ठेवलंय, पण इथे सांगत नाही.

एप्रिलमध्ये गच्ची तव्यासारखी तापली. बादलीच्या बाजूनं ऊन लागून मुळंच शिजतात, म्हणून बादल्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या, कडेनं ओली पोती गुंडाळली, वर हिरवी शेडनेट बांधली. मातीवर पाचोळ्याचं चार बोटं आच्छादन. पाणी मात्र आबांच्या पद्धतीनं, आधी बोट, मग पाणी. निम्म्या दिवशी बोट 'नको' म्हणायचं. आच्छादनाखाली दुपारी दोन वाजताही माती गार असायची, आणि लाडू वळून फुटायचा. एकदा मी तो मुद्दाम आबांच्या खुर्चीसमोर फोडला. ते म्हणाले, "फरशी झाड."

संध्याकाळची वेळ दोडक्याची होती. आबांनी गावाहून आणलेलं बी, आई असताना ती चुलीच्या राखेत ठेवायची त्यातलं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली तेव्हा आबा म्हणाले होते, तुझ्या आईलाबी द्यायला पायजे हुती. वेल दोरीवर चढला, नर फुलांचे घोस लागले, मधूनच एखादं मादी फूल, देठाशी बोटभर दोडका धरून. पण ते चिमुकले दोडके पिवळे होऊन गळायचे. काकडी-कारल्याची फुलं सकाळी उघडतात, दोडक्याची मात्र दिवस कलल्यावर, आणि आमच्या गच्चीवर त्या वेळेला ना मधमाशी ना पतंग. पारवे तेवढे अखंड. मग मी नर फूल तोडून, पाकळ्या सोलून, त्याचा परागदांडा मादी फुलाला अलगद टेकवायला लागले.

आबांना हे काम फारच हास्यास्पद वाटलं. "रानात ह्ये काम फुकटात हुतंय." तरी दुसऱ्या दिवशी सहाला ते खुर्ची सोडून वेलापाशी उभे होते. वाकायला आता परवानगी होती. जाड बोटांत ते पिवळं फूल धरून त्यांनी ते डोळ्यासमोर आणलं, नव्या डोळ्यासमोर, आणि म्हणाले, "पिठूळ दिसतंय बग. सोन्यासारकं." साठ वर्षं शेती केलेल्या माणसानं दोडक्याचा पराग पहिल्यांदा पाहिला. त्यानंतर ते काम त्यांचंच झालं. कुठलं फूल लावलं हे कळावं म्हणून ते देठाला माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा बांधायचे. सगळे लाल.

मृगाच्या आधी त्यांनी गावाला जायचं काढलं. मटकी, बाजरी, जे काही असेल ते पेरायचं होतं. पाऊस त्या वर्षी लवकर झाला. मी फोन केला, पेरलं का? "न्हाई अजून. वाफसा न्हाई," आबा म्हणाले. मागून कुणीतरी ट्रॅक्टर चालू करत होतं. "तुज्याकडं?"

मी वर गेले. धो धो पडून गेला होता. बोट घातलं. माती ओली होती, पण वासाला गोड.

ऑगस्टमध्ये हत्यारांचा डबा आवरताना ती दुधाची पिशवी सापडली. आबा घेऊन गेले असतील असं मी धरून चालले होते. ते मुद्दाम ठेवून गेले की विसरले, विचारलं नाही. पावसाची हवा लागून युरियाला पाणी सुटलं होतं, दाण्यांचा एक मऊ, ओला गोळा झाला होता. कचऱ्याच्या बादलीपर्यंत मी ती नेली. मग गाठ पुन्हा घट्ट बांधली आणि डब्यात, खुरप्याच्या खाली, होती तिथे ठेवली.